इंधनाची परीक्षा इंजिन बंद असताना

जालना जिल्ह्यात हिरवळ कापायचं यंत्र शोधायला निघालं, तर ते एखाद्या बियाणे कंपनीच्या आवारात किंवा सरकारी विश्रामगृहाच्या अंगणात सापडेल. पण त्या यंत्रावर बसवलेल्या इंजिनाची भावंडं मात्र बांधाबांधावर आहेत. कपाशीवर फवारा मारणारा पाठीवरचा पेट्रोल पंप, मोसंबीच्या बागेतलं गवत कापणारा ब्रश कटर, सोयाबीनच्या तासांतून फिरणारा पॉवर वीडर, ओढ्यातून पाणी उपसणारा छोटा पंपसेट. पंचवीस-तीस सीसीपासून दोनशे-सव्वादोनशे सीसीपर्यंतची ही जात. अशी छोटी इंजिनं अल्कोहोलवर, गॅसवर किंवा शेणातून निघालेल्या वायूवर चालवता येतील का, हा प्रश्न आजवर हौशी मिस्त्र्यांचा समजला जायचा. तो आता तसा राहिलेला नाही. अंबडच्या किंवा मंठ्याच्या पंपावर कॅन भरून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या इंजिनात पर्यायी इंधन आधीच जाऊन बसलं आहे. इंधन बदललं, इंजिन होतं तसंच राहिलं. म्हणून प्रश्न आता बदल करावा की नाही असा नाही, तो समजून कसा करावा असा आहे. आणि तो समजून घेताना एक गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात घ्यायला हवी. शेतातल्या छोट्या इंजिनाला कोणतं इंधन मानवेल, हे ते चालू असताना कळत नाही. ते महिनोन्महिने बंद असताना ठरतं.

पेट्रोल आणि इथेनॉल या अल्कोहोलचं हे मिश्रण पंपावर एका रात्रीत आलेलं नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठीचा कायदा देशात १९४८ सालीच झाला होता. २००० साली तो रद्द झाला. पुढच्याच वर्षी पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे नवे प्रयोग झाले, ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीच्या परिसरात. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून मराठवाड्याकडे इंधनाचे टँकर निघतात, तेव्हा या गोष्टीचा आरंभ आपल्यापासून फार लांब झालेला नाही. २००३ पासून ही योजना देशपातळीवर आली, जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं, म्हणजे ई-२० पेट्रोल बाजारात आलं आणि २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट २०२५ मध्येच पुरं झालं. या प्रवासात मोटारी आणि दुचाकींचा विचार झाला. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात एप्रिल २०२३ पासून गाड्यांचे सुटे भाग आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनंही ई-२० ला जुळणारी असावीत, असं वेळापत्रक होतं. जुन्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकीचं तीन-चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाजही त्यात होता. हे आकडे रस्त्यावरच्या वाहनांचे. पाठीवरच्या पंपाला मायलेज नसतं आणि आरटीओची पाटीही नसते. अमेरिकेत नेमकं उलट घडलं. तिथे पंधरा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला परवानगी मिळाली ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती. हिरवळ कापायची यंत्रं, करवती, बोटी आणि मोटारसायकली यांत ते भरायला मनाई आहे आणि पंपावर तसा इशारा चिकटवलेला असतो. छोट्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक तिथे दहा टक्क्यांची मर्यादा सांगतात. आपल्याकडे पंपावर वीस टक्के आहे आणि शेतकऱ्याला सांगणारं कुणी नाही.

इंजिन चालू असताना इथेनॉल काय करतं, हे आधी पाहू. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. कारण इथेनॉल आपला थोडा ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच असते. मोटारीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. फवारणी पंपाच्या कार्बोरेटरला असा मेंदू नाही. त्याच्या मेन जेटचं भोक कारखान्यात जेवढं पाडलं तेवढंच राहतं. परिणामी ई-२० वर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. इंजिन जरा तापून चालतं, थ्रॉटल एकदम उघडला की अडखळतं. आधीच काटकसरीने जुळवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाला, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत, हा जादा ताप नकोसा असतो. तरीही हा भाग सुसह्य आहे. पुढच्या मापाचा जेट बसवला किंवा मिश्रणाचा स्क्रू असेल तर तो किंचित सैल केला, की काम भागतं. पेट्रोलपेक्षा इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे इंजिन ठोकत नाही, हा फायदाही खरा.

खरी गडबड सुरू होते ती इंजिन कोपऱ्यात ठेवल्यावर. जालन्याच्या शेतीचं वेळापत्रक पाहा. वीडरला जून-जुलैत तीन-चार आठवडे काम, पाठीवरच्या पंपाला जुलैपासून कपाशीची बोंडं फुटेपर्यंत, मग दोन्ही पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणजे वर्षातले आठ-दहा महिने टाकीतलं उरलेलं पेट्रोल नुसतं बसून असतं. इथेनॉल पाणी ओढतं. झाकण सैल असेल, फवारणी करता करता पावसाचे थेंब आत गेले असतील, तर इंधनात थोडंसं पाणी झालं की मिश्रण फाटू लागतं. वर पेट्रोल राहतं आणि तळाशी अल्कोहोल-पाण्याचा थर बसतो. टू-स्ट्रोक इंजिनात ही फाटाफूट घातक, कारण त्याचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या थरासोबत राहतं. टाकीतली नळी मात्र तळाचं इंधन ओढते. दोरी ओढली, इंजिन कसंबसं लागलं, तरी आत जातंय ते ऑईलविना. पिस्टन पकडायला अशी काही मिनिटं पुरतात. कार्बोरेटरची वाटी उघडली तर बुडाशी पांढरी भुकटी आणि जेटच्या भोकात चिकट राळ दिसते. रबराचा डायफ्राम ताठरतो, प्रायमरचा फुगा चिरतो, इंधनाची नळी फुगून निसटते. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर चोक झालाय. तो बरोबर सांगतो. पण चोक झाला तो पंप वापरल्याने नाही, न वापरल्याने.

यावर लगेच म्हटलं जाईल की लाखो मोटारसायकली हेच पेट्रोल पिऊन धावतात, त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. हा आक्षेप वरच्या मुद्द्याला उलट बळकटीच देतो. मोटारसायकल रोज चालते. तिच्या टाकीतलं पेट्रोल आठवड्यात संपतं, पाणी साठायला आणि राळ धरायला वेळच मिळत नाही. तीच मोटारसायकल वर्षभर पडवीत उभी करून ठेवली, तर तिचीही दशा फवारणी पंपासारखीच होईल. तेव्हा फरक जसा इंजिनाच्या आकाराचा आहे, तसा आणि त्याहून अधिक वापराच्या लयीचा आहे.

ही लय जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होती, आणि त्यांच्याकडे पर्यायी इंधनावरची इंजिनंही होती. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे पंपसेट एकेकाळी नदीकाठच्या गावांत सर्रास दिसत. त्यांना दोन कप्प्यांची टाकी आणि मध्ये कॉक असे. इंजिन थंड असताना रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर चालू करायचं, डोकं तापलं की कॉक रॉकेलकडे वळवायचा. ऑक्टेन कमी असल्याने या इंजिनांचा दाबही कमी ठेवलेला असे. पण यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम शेवटी होतं. बंद करायच्या आधी कॉक परत पेट्रोलवर आणून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे वाटीत रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच दोरीला इंजिन सुरू होतं. इंधन बदलताना त्या पंपसेटचा दाब बदलला, टाकी बदलली, आणि बंद करण्याची रीतही बदलली. रेशनचं रॉकेल आटत गेलं तसे ते पंप मागे पडले. ती रीतही त्यांच्यासोबत गेली, ही खरी हानी.

मग आज छोटं इंजिन इथेनॉलला जुळवायचं म्हणजे काय करायचं? ई-२० पुरतं बोलायचं तर काम फार नाही. नायट्राईलच्या जुन्या नळ्या आणि डायफ्राम काढून इथेनॉल सोसणारे बसवायचे, गरज असेल तर जेट एका मापाने वाढवायचा, अल्कोहोलमध्ये मिसळून राहणारं टू-स्ट्रोक ऑईल वापरायचं आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर वाटीतलं इंधनही जाळून टाकायचं. पुढच्या पायरीची भुरळ काहींना पडते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर जवळपास शुद्ध इथेनॉल विकायला सुरुवात झाली, तर त्यावरच इंजिन का चालवू नये? चालवता येईल, पण हिशेब नीट करावा लागतो. शुद्ध इथेनॉलला घनफळाने सुमारे दीडपट इंधन सोडावं लागतं. दीडपट म्हणजे जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ दीडपट; व्यास जेमतेम २२-२४ टक्क्यांनी वाढवायचा. व्यासच दीडपट केला तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, प्लग भिजतो आणि दोष इंधनाला दिला जातो.

वायूच्या बाबतीत बंद काळाची हीच कसोटी लावली तर चित्र पालटतं. एलपीजी साठवणीत खराब होत नाही, राळ धरत नाही, पाणी ओढत नाही. जनरेटरसारख्या क्वचित चालणाऱ्या इंजिनाला त्यासारखं इंधन नाही. पण त्यासाठी त्याचं खास रेग्युलेटर लागतं आणि घरगुती सिलिंडर इंजिनाला जोडणं हा गुन्हा आहे. तो मार्ग धरूच नये. शेणाच्या वायूचं गणित अगदी उलटं. तो रोज तयार होतो आणि रोज वापरावा लागतो. जुन्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या नळीला टी जोडून व्हॉल्व्हने गॅस सोडला, की गव्हर्नर आपसूक डिझेल कमी करतो. पेटवण्यापुरतं डिझेल राहतं आणि सत्तर-ऐंशी टक्के बचत होते. मात्र पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण सव्वादोन घनमीटर गॅस लागतो, म्हणजे पंचावन्न-साठ किलो शेण, म्हणजे पाच-सहा जनावरांचं दिवसभराचं. एवढा गोठा असेल आणि रोज कडबाकुट्टी चालत असेल, तर बायोगॅस चोख. पिवळ्या धातूच्या बुशांना खाणारा गंधकाचा वायू काढायला गंजलेल्या लोखंडी चुऱ्यातून गॅस गाळतात, आणि पोलादाच्या जालन्यात लेथवरच्या चुऱ्याला तोटा नाही. पण वर्षातून एक महिना चालणाऱ्या वीडरसाठी बायोगॅस हा विचारच चुकीचा. वनस्पती तेलांचंही तसंच. करंजाचं कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट. नोझलवर ते काजळी धरतं आणि टाकीत पडून राहिलं की आणखी घट्ट होतं. मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल केल्याशिवाय ते इंजिनात घालू नये. बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या लागवडीचा दोन दशकांपूर्वीचा गाजावाजा माळरानावरच विरला, तेव्हा त्या वाटेवर फार वेळ दवडण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंजिनात खटपट करायचीच कशाला, बॅटरी घ्या! कॅलिफोर्नियाने २०२४ पासून नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या विक्रीला आवर घातला आहे आणि आपल्याकडेही सोळा-वीस लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप घरोघरी पोचला. तो स्वस्त, हलका, बिनआवाजी. लहान रानाला पुरेसा. तिथे हा आक्षेप मान्यच करावा. पण बंद काळाची कसोटी बॅटरीलाही चुकत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी दिवाळीला उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर आषाढात ती मेलेलीच सापडते. महिन्यातून एकदा चार्ज करणं हेही एक प्रकारचं टाकी रिकामी करणंच आहे. आणि ओल्या काळ्या रानात वीडर ओढायला जी ताकद तासन्‌तास लागते, ती आजच्या परवडणाऱ्या बॅटरीत नाही. तिथे इंजिन अजून काही वर्षं राहणार.

राहिली तिसरी मागणी: शेतीसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळं विका. ऐकायला ती न्याय्य वाटते, पण वेगळी टाकी, वेगळा टँकर, वेगळा भाव हे सगळं लिटर-दोन लिटरच्या कॅनसाठी कोण उभं करणार? शिवाय या व्यवहारात शेतकरी दोन्ही बाजूंना उभा आहे. घनसावंगी-अंबडच्या कालव्याखालचा ऊस आणि भोकरदन-जाफराबादकडचा मका इथेनॉलकडे जातो म्हणून त्याला भाव मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला लगाम घातला, तेव्हा साखरपट्ट्यात नाराजी उमटली ती यामुळेच. विकताना हवं आणि भरताना नको, असं म्हणता येणार नाही. म्हणता येईल ते इतकंच की, ज्या यंत्राला सरकार अनुदान देतं, त्याच्या टाकीवर ते किती टक्के इथेनॉल सोसतं हे मराठीत लिहिलेलं असावं. दुकानात जेटची दोन-तीन मापं आणि इथेनॉलला टिकणारे डायफ्राम मिळावेत. आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना कृषी विज्ञान केंद्रांतून दोन दिवसांचं शिक्षण मिळावं. यात नवं संशोधन काहीच नाही. रॉकेलच्या कॉकवाल्या पिढीला जे हाताला माहीत होतं, ते नव्या इंधनासाठी पुन्हा शिकवायचं आहे. शेवटची फवारणी झाली की टाकी उलटी करायची आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत थांबायचं. तेवढी पाच मिनिटं दिली, तर पुढच्या जुलैत दोरी पहिल्यांदा ओढताना इंधनाचं नाव काय आहे, हे विचारायची वेळ येणार नाही.