टाळूवरची न दुखणारी गाठ

"दुखत नाही त दवाखान्यात कायले जावं, भाऊ?" मूर्तिजापुरातील आमच्या परिचयाच्या एका बाईंनी आम्हाला विचारले. त्यांच्या टाळूवर एका बाजूला बोराएवढी टणक गाठ दोन वर्षांपासून होती. शेजारणी म्हणत, खर्रा खाते, कॅन्सरच असेल. त्या धास्तीनेच बाई गप्प बसल्या. एकाने गुळण्यांचे औषध दिले, गाठीला बोट लावून पाहिले नाही.

आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. पण त्यांच्यासोबत अकोल्याला गेलो आणि बरेच शिकलो. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या सर्वांना ठाऊक असतात. परंतु ओठ, गाल, जीभ, टाळू यांत आणखी ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांच्यातही गाठ होते, आणि ती बहुधा टाळूवर. खर्ऱ्याच्या कॅन्सरमध्ये सहसा न भरणारी जखम किंवा चट्टा दिसतो. ही गाठ गुळगुळीत असते, हळू वाढते. खालच्या ओठावरचा मऊ फोड बहुतेक वेळा दात लागून लाळ साचल्याने होतो. वरच्या ओठातली टणक गाठ मात्र दाखवलीच पाहिजे.

साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ वरून सारखीच दिसू शकते. या बारीक ग्रंथींच्या जवळपास निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. म्हणून सुईने किंवा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. टाळूचे हाड झिजले का, हे सीटी स्कॅनमध्ये दिसते. तरी लहान तुकड्यावरून कधी कधी निदान पक्के होत नाही. गाठ आजूबाजूच्या मांसात शिरली की नाही, हे तिची कड पाहिल्यावाचून कळत नाही. "डॉक्टरले समजत नाही" असा अर्थ काढून लोक इथेच परत फिरतात, ही आम्हाला सर्वांत घातक गोष्ट वाटते. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. रेशनकार्ड सोबत न्यावे, योजनेत बसते का ते तिथेच विचारावे.

बाईंची गाठ कडेच्या थोड्या निरोगी भागासह काढली. पूर्ण गाठ तपासल्यावर 'प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा', म्हणजे साधी गाठ, असा रिपोर्ट आला. मुळासकट न निघाल्यास ती वर्षांनीही परत येते, म्हणून बाई अजून तपासणीला जातात. रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. खर्रा मात्र अजून पुरता सुटलेला नाही.