विहिरीतला दम आणि मालवणचा समुद्र

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणा, बोरी पावसाळ्यापुरत्या धावतात. त्यामुळे पोहणं शिकायचं ते विहिरीत, तेही तिच्यात पाणी आहे तोवर. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, मोटवणावरून कुणीतरी ढकलून द्यायचं आणि काही दिवसांनी डबा सोडायचा. खरी परीक्षा त्यानंतर असते. दम धरून बुडी मारायची, तळाचा मूठभर गाळ घेऊन वर यायचं आणि काठावरच्यांना मूठ उघडून दाखवायची. "तळ आणला का रं?" या प्रश्नाला तोंडी उत्तर चालत नाही.

पाच-सहा परस पाण्यातून तळ आणणाऱ्याला गावात मान असतो. मोटार हवा धरायला लागली, फुटबॉलच्या, म्हणजे पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, जाळीत कचरा अडकला, की त्यालाच हाक जाते. वीज तोडली की तो पाइपाला धरून खाली उतरतो, अंधारात चाचपत जाळी साफ करतो आणि वर येतो. एवढं सगळं एका श्वासात.

मालवणच्या समुद्रात स्कूबासाठी उतरलो तेव्हा प्रशिक्षकाचा पहिला नियम नेमका याच्या उलट निघाला. "काका, खाली काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही." आयुष्यभर अंगात मुरलेली सवय तिथल्या तिथे मोडायला लावणारं हे वाक्य होतं.

कारण दाबात आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. विहिरीत काठावर भरून घेतलेली हवा दहा मीटरवर, म्हणजे साधारण साडेपाच परसांवर, निम्म्या जागेत दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. फुप्फुसाला त्याची इजा नाही. स्कूबात मात्र तोंडातला रेग्युलेटर ज्या त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलं, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. म्हणून वर यायचं ते सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि श्वास सतत चालू ठेवून. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. साध्या स्कूबात ती गाळून दाबून भरलेली नेहमीचीच हवा असते.

उतरताना त्रास देतो तो कान. विहिरीत कानात कळ आली तरी पोरं सोसतात. इथे दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, आणि खाली जाताना पुन्हा पुन्हा ढकलत राहायचं. सर्दी झाली असेल तर उतरूच नये. बोलणं सगळं हातांनी. अंगठा वर केला की 'छान' नव्हे, 'वर चला'! आपण आनंदानं अंगठा दाखवायचा आणि प्रशिक्षकानं आपल्याला वर न्यायचं, असं सहज होऊ शकतं. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

खडकाच्या कपारीतून दोन लांब मिशा बाहेर आलेल्या दिसल्या. शेवंड, म्हणजे लॉबस्टर. मास्कमधून वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे ती भलतीच थोर वाटली. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन ओढ्यात खेकडे धरतात; मागून जाऊन पाठ अंगठ्या-बोटांत धरायची, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. ते शिकलेला हात इथेही पुढे व्हायला बघतो. पण शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्याच नाहीत. तिची भिस्त काटेरी मिशांवर आणि शेपटीवर. धोका वाटला की शेपटी पोटाशी आपटून ती मागच्या मागे झेपावते. दिवसा कपारीत बसायचं आणि रात्री चरायला निघायचं, हा तिचा क्रम. म्हणूनच मच्छीमारांची जाळी खडकांजवळ रात्री लागतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हौशी पाणबुडे जुलैअखेर खास दोन दिवस शेवंडी धरतात. तिथे पाठीच्या कवचाची लांबी तीन इंचांहून जास्त हवी, ती पाण्यातच मोजायची, आणि पोटाखाली अंडी असलेली मादी सोडायची. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्र सरकारनं निर्यातीसाठी शेवंडीच्या जातींची किमान वजनं ठरवली. त्याआधीच मुंबईच्या समुद्रातली चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ च्या सुमारास कोसळली होती. एक मादी लाखो अंडी बाळगते हे खरं, पण त्यांतून निघालेली पिल्लं महिनोन्‌महिने समुद्रात वाहत राहतात आणि फार थोडी तळाला येऊन शेवंड होतात. मालवणचा हा पट्टा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माझं स्पष्ट मत आहे: पर्यटकानं शेवंड बघावी आणि पुढं जावं. प्रशिक्षकाकडे 'एक धरून दे' असा हट्ट अजिबात करू नये.

आमच्या भागातून जाणाऱ्यांना आणखी एक सांगतो. बुडीनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून बुडीनंतर लगेच विमानात बसू नका म्हणतात. ही सूचना साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात, आणि वाटेतला आंबोली घाट तर त्याहून उंच आहेच, आपलं धाराशिवही साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. ओळखीपुरत्या उथळ बुडीत हा धोका फार थोडा. पण प्रशिक्षण घेऊन लागोपाठ बुड्या मारल्या असतील, तर शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास किनाऱ्यावरच राहा. मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.