कार्यप्रणालीच्या संदर्भपुस्तिकेत काय हवे?

लहानपणी तुम्ही अंकलिपी वाचली असेल आणि आता शब्दकोश वापरत असाल. दोन्ही पुस्तके भाषेचीच, पण त्यांचा उपयोग अगदी वेगळा. अंकलिपी पहिल्या पानापासून क्रमाने शिकायची असते. शब्दकोश तसा कोणी वाचत नाही. एखादा शब्द अडला की आपण नेमके तेच पान उघडतो, अर्थ पाहतो आणि कोश मिटून ठेवतो. म्हणून कोशावर मोठी जबाबदारी असते. हवा तो शब्द त्यात सापडला पाहिजे, आणि दिलेला अर्थ बिनचूक असला पाहिजे.

संगणकाच्या कार्यप्रणालीसाठीही असाच एक कोश लागतो. त्याला संदर्भपुस्तिका म्हणतात. तिच्यात काय काय असावे, आणि ते नसल्यास काय बिघडते, हे आज आपण पाहू.

मागणी आणि उत्तर

कार्यप्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. एक चित्र दाखवतो, दुसरा गाणे वाजवतो, तिसरा हिशेब करतो. डिस्क, मेमरी, पडदा ही साधने मात्र सर्वांना मिळून वापरायची असतात. प्रत्येकाने ती मन मानेल तशी वापरली तर गोंधळ उडेल. म्हणून साधने कार्यप्रणालीच्या ताब्यात असतात. प्रोग्रॅमला काही हवे असेल, तर त्याने तिच्याकडे ठरावीक नमुन्यात मागणी करावयाची. या मागणीला सिस्टिम कॉल असे नाव आहे. ‘ही फाइल उघड’, ‘तीत ही शंभर अक्षरे लिही’ अशा या मागण्या असतात. युनिक्स, लिनक्स, विंडोज ही काही कार्यप्रणालींची नावे तुम्ही ऐकली असतील. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सचाच असतो.

कार्यप्रणाली तयार करणारे लोक थोडे, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम लिहिणारे मात्र असंख्य. त्यांची एकमेकांशी गाठही पडत नाही. मग कोणती मागणी कशी करावी आणि उत्तर काय मिळेल, हे त्यांना सांगणार कोण? हे काम संदर्भपुस्तिकेचे.

१९७१ ची एक पुस्तिका

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही प्रसिद्ध संशोधनसंस्था आहे. तेथे केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. तिच्या संदर्भपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. या पुस्तिकेचे सात भाग होते. पहिल्यात माणसाने कळफलकावरून द्यावयाच्या आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात प्रोग्रॅममध्ये वापरावयाच्या तयार उपकृती, चौथ्यात जोडलेली यंत्रे, पाचव्यात फाइलींची अंतर्गत रचना, सहाव्यात वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले प्रोग्रॅम आणि सातव्यात किरकोळ माहिती. पुढे संगणकाची देखभाल करणाऱ्यांसाठी आठवा भाग जोडला गेला.

तुम्ही म्हणाल, एवढे भाग कशाला? असे पाहा, ‘राइट’ या नावाची एक आज्ञा आहे. तिने दुसऱ्या माणसाच्या पडद्यावर निरोप पाठवता येतो. ‘राइट’ याच नावाचा एक सिस्टिम कॉलही आहे. तो फाइलीत मजकूर लिहितो. पहिली माहिती पहिल्या भागात, दुसरी दुसऱ्या भागात. त्यामुळे घोटाळा होत नाही. आजही लिनक्सच्या संगणकावर ‘मॅन २ राइट’ अशी आज्ञा दिली, की दुसऱ्या भागातील ‘राइट’चे पान पडद्यावर येते. ‘मॅन’ हे पुस्तिका या अर्थाच्या ‘मॅन्युअल’ या शब्दाचे लघुरूप होय.

प्रत्येक पानाचा साचाही ठरलेला होता. वर नाव, मग ते कसे लिहावे याचा नमुना, मग वर्णन. त्याखाली संबंधित फाइली, आणखी कोणती पाने पाहावीत, अडचण आल्यास कोणता संदेश मिळतो, आणि शेवटी ‘बग्ज’ म्हणजे माहीत असलेले दोष. ज्याला विचारावयाचे त्या माणसाचे नावही पानावर असे. आपल्याच कामातील दोष पुस्तिकेत छापायचे, ही गोष्ट थोडी विलक्षण वाटते ना? पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती फार उपयोगाची असते. कारण खड्डा कोठे आहे हे आधी कळले, तर माणूस त्याला वळसा घालून जातो.

अपयशाचे पान

सर्व काही सुरळीत असताना काय होते, हे लिहिणे सोपे असते. पुस्तिकेची खरी परीक्षा होते ती काहीतरी बिघडल्यावर. डिस्क भरली तर? फाइल सापडली नाही तर? परवानगी नसली तर? लिनक्समध्ये अशा प्रत्येक अडचणीला क्रमांक आहे. फाइल नाही, तर क्रमांक २. परवानगी नाही, तर १३. डिस्कवर जागा नाही, तर २८. कोणत्या सिस्टिम कॉलला यांपैकी कोणकोणती उत्तरे येऊ शकतात, याची यादी त्याच्या पानावर असावी लागते.

‘काम झाले’ या उत्तराचा अर्थही नेमका सांगावा लागतो. ‘राइट’ने ‘झाले’ म्हटले, म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असे तुम्हांला वाटेल. पण तसे नसते! डिस्क मेमरीपेक्षा फार मंद असते. म्हणून कार्यप्रणाली मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत तो अर्धा मिनिटही मेमरीत राहू शकतो. तेवढ्यात वीज गेली, तर मजकूर गेलाच. म्हणजे ‘राइट’ हे पत्र पेटीत टाकण्यासारखे झाले. पत्र खरोखर पोचले का हे कळायला पोचपावती हवी. त्यासाठी ‘एफसिंक’ नावाचा वेगळा सिस्टिम कॉल आहे. मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत तो थांबतो आणि मग उत्तर देतो.

आता या पोचपावतीचीच गोष्ट ऐका. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ हा माहितीचा मोठा साठा सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात अनेकांचे हिशेब असतात. ‘एफसिंक’ने ‘जमले नाही’ असे उत्तर दिले, तर तो थोड्या वेळाने पुन्हा विचारी, आणि दुसऱ्यांदा ‘जमले’ असे उत्तर आले की निश्चिंत होई. किती सरळ विचार! पण २०१८ मध्ये या प्रोग्रॅमच्या कर्त्यांच्या ध्यानात आले, की लिनक्समध्ये येथे धोका आहे. पहिल्या अपयशानंतर कार्यप्रणाली मेमरीतील तो मजकूर ‘उतरवून झाला’ असा धरू शकत असे. दुसऱ्यांदा विचारल्यावर उतरवायचे काही शिल्लकच नसे. म्हणून उत्तर येई ‘जमले’. आणि मजकूर मात्र डिस्कवर नसे!

अपयशानंतर पुन्हा विचारले, तर मिळणाऱ्या उत्तराचा अर्थ काय? हा एक प्रश्न पुस्तिकेतून स्पष्ट होत नव्हता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एक अर्थ धरला, कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी दुसरा. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीपासून पोस्टग्रेस्क्यूएल असे अपयश येताच पुन्हा न विचारता स्वतःला थांबवतो. मग नव्याने सुरू होऊन आपल्या नोंदवहीवरून शेवटचे व्यवहार पुन्हा करतो. दुकानदार नाही का, खतावणीत घोळ झाला की कीर्दीवरून ती पुन्हा लिहीत!

तेव्हा चांगल्या संदर्भपुस्तिकेत काय हवे, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. प्रत्येक आज्ञा आणि मागणी तिच्यात हवी. ती कशी लिहावी ते हवे. ‘झाले’ म्हणजे नक्की काय झाले, ‘झाले नाही’ म्हणजे काय झाले नाही आणि पुढे काय करावे, हे हवे. शिवाय ज्याची हमी नाही, तेही तिने स्पष्ट सांगावयास हवे.

करून पाहा

घरच्या किंवा शाळेतील पाण्याच्या पंपाचे एक पान तुम्हीच लिहा. नाव, चालवण्याची रीत, वर्णन, बिघाडाच्या खुणा आणि माहीत असलेले दोष अशी शीर्षके घ्या. खालची टाकी रिकामी असताना पंप चालू केला तर काय होते? चालू असताना वीज जाऊन परत आली तर? या प्रश्नांची उत्तरे मोठ्यांना विचारून लिहा. पंपावर प्रयोग मात्र करू नका! मग ते पान पंप कधीच न चालवलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या पानात राहून गेलेली एक ओळ होय. ती भरा आणि पान पुन्हा लिहून काढा.