दावा नाकारला, तर...

कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा फेटाळणे नव्हे. बिल भरून, मूळ कागदपत्रांसह भरपाई मागता येते.

मुदत : विमा नियामक ‘इर्डाय’च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय १ तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत.

आधीचा आजार : प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक अपवाद.

खोलीभाडे : मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास होणारी कपात अनेकांना अंतिम बिल हाती आल्यावरच कळते. मर्यादा रोज ५,००० रुपये आणि खोली १०,००० रुपयांची, तर पॉलिसीच्या अटींनुसार डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. औषधे, इम्प्लांट, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू नाही.

दाद : नकार लेखी घ्या, पॉलिसीतील कलमासह. आधी तक्रार कंपनीकडेच. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर १ वर्षाच्या आत विमा लोकपाल. मर्यादा ५० लाख रुपये, शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबई, पुण्यात कार्यालये. निवाडा कंपनीवर बंधनकारक. तो न पटल्यास रुग्णाला ग्राहक आयोगाचा मार्ग खुला.