अठरा घोडे आणि एक घाट

वीकेण्डला जुन्या हायवेने लोणावळा गाठणाऱ्या पब्लिकला शिळफाटा माहीत असतो तो चहासाठी. पनवेल मागे पडलं, चौक गेलं, खालापूर गेलं की खोपोलीच्या तोंडाशी हा फाटा येतो. इथे गाड्या थांबतात, हेल्मेटं आरशांवर लटकतात, कटिंग येतो. एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, त्यामुळे मुंबईचा प्रत्येक बायकर कधी ना कधी इथून जातोच. आणि पुढे काय वाढून ठेवलंय हेही त्याला ठाऊक असतं. बोरघाट!

आज आपण इथे चहासाठी नाही, एका गॅरेजसाठी थांबलोय. पत्र्याची शेड, बाहेर दोन सांगाडे, आत एक लेथ आणि लाकडी टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडलेलं एक अख्खं इंजिन. १९७१ ची बुलेट ३५०. मालक माझा मित्र. वय चौतीस, ऐरोलीला आयटीत, पॅकेज सॉलिड. ‘नाव छापू नकोस, बाबा वाचतात,’ हे त्याने आधीच बजावलंय. कारण बुलेट बाबांची. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घेतलेली. लग्नाची वरात सोडली तर बाकी सगळं याच गाडीवरून झालं, असं ते सांगतात. गेली अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती.

आता मित्राला ती रस्त्यावर हवीय. पण नुसती चालू नको, ‘पॉवरफुल’ हवी! बायकोला मागे बसवून घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते आणि बाजूने कॉलेजची पोरं सुळकन निघून जातात, हे त्याला सहन होत नाही. म्हणून फंडा साधा: तीनशे पन्नासचं पाचशे करून टाकायचं.

गणित सोपं, लोखंड अवघड

कागदावर हे खरंच सोपं दिसतं. जुन्या ३५० बुलेटच्या सिलेंडरचा बोअर ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. हिशोब करा, ३४६ सीसी येतात. पाचशेच्या बुलेटचा स्ट्रोक तोच, ९०. फक्त बोअर ८४. झाले ४९९ सीसी. इंग्लंडमधले हौशी लोक त्याच्याही पुढे जाऊन ८७ चा बोअर बसवतात, म्हणजे ५३५ सीसी. म्हणजे क्रँकला हात न लावता नुसता मोठा ब्लॉक-पिस्टन बसवला की काम झालं?

मिस्त्रीकाका हसतात. बाबांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. ‘अरे, ब्लॉक मोठा घेतलास, तो बसणार कुठे?’ खालच्या क्रँककेसचं तोंड तीनशे पन्नासच्या मापाचं. ते लेथवर धरून मोठं करावं लागतं. एकदा कापलं की कापलं, मागे येता येत नाही. पाचशेचं हेड वेगळं, वॉल्व्ह मोठे. पिस्टन जड, म्हणून फ्लायव्हीलचा तोल पुन्हा साधायचा. नाहीतर हँडल इतकं थरथरतं की आरशात मागचा ट्रक एक आहे की तीन, तेच कळत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? हा आकडा बघा. कंपनीच्या हिशोबाने जुन्या ३५० ची ताकद १८ बीएचपीच्या आसपास, आणि ५०० ची २२. सीसी वाढले ४४ टक्के, घोडे वाढले फक्त चार! कारण पाचशेचं कॉम्प्रेशन कंपनीने मुद्दाम कमी ठेवलं होतं, साडेसहाला एक. इंजिन टिकावं, हलकं पेट्रोलही चालावं आणि किक मारणाऱ्याचा पाय शाबूत राहावा म्हणून. घाटात फरक जाणवतो तो टॉर्कचा. पाचशे खालच्या आरपीएमवरच जोर लावते, गिअर पाडावा लागत नाही. गंमत म्हणजे २०२० मध्ये आलेल्या नव्या ३५० इंजिनाची ताकदही २०.२ बीएचपीच आहे. पन्नास वर्षांत दोन घोडे.

आपल्याकडे ताकदीची क्रेझ खरी वाढवली ती टू-स्ट्रोकने. १९८३ ला आलेली राजदूत ३५० भारतासाठी मऊ करून दिली होती, तरी तीस बीएचपी देत होती. १९८५ ची आरएक्स १०० तर ९८ सीसीत अकरा! त्या इंजिनांत सिलेंडरचे पोर्ट घासून मोठे केले, सायलेन्सर बदलला की गाडी लगेच पळायला लागते. नाना पेठेत आणि कुर्ल्यात पार्ट शोधत फिरणाऱ्या एका पिढीने हे उद्योग केले. बुलेटचं तसं नाही. ती फोर-स्ट्रोक, पुशरॉडची, अवजड फ्लायव्हीलची. तिला घाई आवडत नाही.

बुशची गोष्ट

टेबलावरच्या पार्टांत काका एक कडं उचलून दाखवतात. अंगठ्याएवढं रुंद, गुळगुळीत, मध्ये काळपट ओरखडे. हा बिग एंडचा बुश. कनेक्टिंग रॉड खाली क्रँकपिनला जिथे धरतो तिथे आजच्या बहुतेक बाइकमध्ये रोलर बेअरिंग असतं. जुन्या बुलेटमध्ये हा तरंगता बुश. तो पिनवर फिरतो, रॉडमध्येही फिरतो आणि दोन्हीकडे तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल वेळेवर पोचलं तर वर्षानुवर्षं चालतो. नाही पोचलं, किंवा गाडी तासन्तास पूर्ण पिळून पळवली, तर आधी टकटक ऐकू येते, मग ठकठक, आणि मग तुम्ही रस्त्याच्या कडेला टेम्पोची वाट बघत बसता.

म्हणजे ताकद वाढवायचा विचार वरून, पिस्टनपासून, सुरू करायचाच नाही. खालून करायचा. काकांनी क्रँक उघडून पिन बदलली, बुशच्या जागी रोलर बेअरिंगचा सेट घातला आणि दोन्ही फ्लायव्हील पुन्हा जोडून लेथवर डायल लावून फिरवली. काटा हलला की पितळी हातोडीचा हलका ठोका. पुन्हा फिरवायचं, पुन्हा ठोका. अख्खी दुपार हे चाललं होतं. शेवटी उरला तो फरक केसाच्या जाडीहूनही कमी. मी मध्येच विचारलं, ‘काका, एवढं बारीक कशाला?’ त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ऑइल पंप. बुलेटला दोन पंप, एक तेल आत ढकलणारा, एक परत ओढणारा. दोन्ही खोलून त्यांचे पृष्ठभाग काचेवर घासून बसवले. नवी जोडणी झाली की रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट जरा ढिला करून तेल वर येतंय का ते आधी बघायचं, मगच पुढचं बोलायचं. ज्यांनी ही एक गोष्ट टाळली त्यांच्या बुलेट आजही काकांच्या शेडबाहेर उभ्या आहेत, सांगाडा होऊन.

आणि मग आरटीओ

एवढ्यात आपल्या आयटीवाल्याने मोबाइलवर कायदा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. आरसीवर ३४६ सीसी आणि फ्रेममध्ये ४९९, असं चालत नाही. आणि उद्या अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

दुसरी गंमत ‘व्हिंटेज’ची. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आपली बुलेट वयाने त्यात बसते. पण अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. तोंड कापलं की ती पात्रता गेली. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. म्हणजे बायकोला घेऊन भजी खायला लोणावळा? विसरा! मित्राने व्हिंटेजचा नाद तिथेच सोडला. पण क्रँककेस कापायचं धाडसही गळालं.

तरी त्याने शेवटचा प्रयत्न केलाच. ‘काका, सीसी राहू दे. पण कॉम्प्रेशन वाढवा ना. उंच डोक्याचा पिस्टन मिळतो, मी ऑनलाइन बघितलाय.’

काकांनी हात पुसले. ‘वाढवतो की. पण किक जड होणार. उलटी बसली तर घोटा जाईल. ही गाडी तुझ्या पायासाठी बांधायची की साहेबांच्या, ते आधी ठरव.’

मित्र गप्प. बाबा शहात्तर वर्षांचे. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि घरात रोज एकच विचारणा, ‘इंजिन बसलं का रे?’

मधला रस्ता

ठरलं ते असं. ब्लॉक मूळचाच ठेवायचा, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ बोअर करून नवा पिस्टन घालायचा. बोअर पूर्ण एक मिलिमीटरने वाढवला तरी ३५६ सीसीच होतात, म्हणजे यात ताकदीचा काही प्रश्न नाही, ही निव्वळ दुरुस्ती. कॉम्प्रेशन जवळपास होतं तिथेच. पण हेडमध्ये काम भरपूर. वॉल्व्हच्या सीट नव्याने कापल्या, गाइड बदलले, इनटेकच्या वाटेतली ओतकामाची खरबड घासून काढली. वाट मोठी केली नाही हं, फक्त साफ केली! मोठी केली तर खालच्या आरपीएमवर हवेचा वेग पडतो आणि घाटात उलटा तोटा होतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं होतं. मूळ वायरिंग सहा व्होल्टचं, दिवा म्हणजे देवळातली समईच, तेव्हा आधी सगळं बारा व्होल्टवर आणलं.

कार्ब्युरेटर २४ मिलिमीटरचाच. त्यातला मेन जेट मात्र एक नंबर मोठा घातला, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यावर जुन्या सेटिंगची गाडी अशक्त, गरम चालते. पेट्रोलचा पाइप, सील, वायसर सगळं नवं. जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करायचा, ही सवय मात्र मालकाला लावून घ्यावी लागेल.

सायलेन्सर? मूळचाच. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने ताकद वाढते हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे. आवाज वाढतो आणि दंडाची पावती येते.

ब्रेकवर मात्र मी स्वतः भांडलो. पुढचा ड्रम कान-लांब झालेला, म्हणजे गोल उरलेलाच नव्हता. तो ट्रू करून घेतला, लायनिंग नवी टाकली. चढताना जे काही कमावू ते उतरताना थांबवायला लागतंच, आणि बोरघाट उतरताना मागे ट्रकचा हॉर्न वाजत असतो तेव्हा सत्तरच्या दशकातला ड्रम किती लहान वाटतो ते एकदा अनुभवाच. नको, अनुभवूच नका.

डायनो नाही, बोरघाट

इंजिन बसलं. पहिले पाचशे किलोमीटर मित्राने कर्जत-खालापूर-खोपोली अशा चकरा मारत, चाळीसच्या आसपास, सायकलवाल्यांचे टोमणे खात काढले. नवा पिस्टन आणि लोखंडी ब्लॉक एकमेकांना सरावेपर्यंत दुसरा इलाज नसतो. तेल दोनदा बदललं. पहिल्या तेलात चंदेरी चमक होती, दुसऱ्यात जवळजवळ नाही. काकांना तेवढंच बघायचं होतं.

डायनोवर गाडी नेली नाही. किती बीएचपी वाढले, मला विचारू नका. इथे मोजमाप घाटाचंच. खोपोली पायथ्याला, लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. याच उंचीच्या जोरावर टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज काढून मुंबईच्या गिरण्या फिरवल्या. वरून पाणी खाली येतं, आपण खालून वर जातो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तोही याच चढावर. पायाच्या जोरावर चढणारे ते, त्यांच्यापुढे आपले अठरा घोडे म्हणजे श्रीमंतीच.

त्या रविवारी सकाळी साडेसहाला बाबा स्वतः शिळफाट्यावर आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मित्र किकवर पाय ठेवणार इतक्यात त्यांनी त्याला बाजूला केलं. डॉक्टरांचं नाव कुणीतरी घेतलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. सवयीने नजर ॲम्पिअर मीटरकडे गेली. पॉइंट असताना काटा मध्यावर आला की पिस्टन जागेवर आहे हे कळायचं. आता काटा काही बोलेना. ‘हे काय केलंत रे?’ म्हणत त्यांनी डीकॉम्प्रेसर दाबला, पायाने हळूच अंदाज घेतला आणि मारली. पहिली फुकट. दुसरी फुकट. तिसऱ्याला धप् धप् धप् सुरू झालं, आणि चहावाल्यानेही मान वर केली.

मित्र पुढे, बाबा मागे. मी माझ्या बाइकवर त्यांच्या पाठी. चढ सुरू झाला तसा मी वाट बघत होतो, आता गिअर पाडेल, आता पाडेल. एका तीव्र वळणावर आवाज जड झाला, गाडी जरा रेंगाळली, पण गिअर पडला नाही. आम्ही शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला येणारेजाणारे नाणं टाकतात, बाबांनीही टाकलं. मग इंजिनाच्या फिन्सजवळ हात नेऊन ऊब बघितली.

‘तिसऱ्यातच चढली ना?’ त्यांनी विचारलं.

‘हो बाबा. तिसऱ्यातच.’

‘पूर्वी मी एकटा असलो की चढायची. तुझी आई मागे असली की दुसरा टाकावा लागायचा.’ मग हेल्मेट मुलाच्या हातात देत म्हणाले, ‘उतरताना मी चालवतो.’

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या ब्रेककडे.