कोठारासारखे गॅरेज बांधताना: माळ्याचा निर्णय आधी

अमेरिकेच्या उपनगरांत स्वतःचे घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या मनात काही वर्षांनी एक बेत आकार घेऊ लागतो: परसात, घरापासून अलग असे दोन गाड्यांचे गॅरेज. घरासोबत मिळालेल्या गॅरेजात गाड्यांऐवजी सामानच साठलेले असते, नवी गाडी विजेवर चालणारी येते आणि हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडण्याचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी पुष्कळांची नजर बार्नच्या, म्हणजे शेतावरील कोठाराच्या, घाटाकडे वळते. प्रत्येक बाजूला मध्येच मोडलेले, खाली जवळजवळ उभे आणि वर उतरते असे ते गॅम्ब्रेल छप्पर देखणे तर असतेच. शिवाय त्याच्या पोटात एक प्रशस्त माळा मिळतो.

शेतकऱ्याने हा घाट देखणेपणासाठी निवडला नव्हता. पाखा खाली उभा आणि वर उतरता ठेवला की तुलनेने आखूड लाकडांतही गवत साठवायला भरपूर जागा मिळे. आजच्या घरमालकालाही याच जागेचा मोह पडतो आणि नियोजनातील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. माळ्याचे नेमके काय करायचे हे ठरल्याखेरीज इमारतीची उंची, पाया, तुळया, जिना आणि परवानगी यांपैकी कशाचाही निर्णय होऊ शकत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तयार आराखडा आधी विकत घेतला जातो आणि हा प्रश्न शेवटी विचारला जातो.

उंचीचे गणित

उदाहरणादाखल २४ फूट रुंद आणि २४ फूट लांब गॅरेज घ्यावे. टोयोटा सिएनासारखी मोठी कौटुंबिक गाडी सुमारे १७ फूट लांब असते. म्हणजे ती आत उभी राहिल्यावर पुढेमागे मिळून ७ फूट उरतात. तेवढ्यात कामाचे टेबल आणि फडताळे बसू शकतात.

भिंती ९ फूट उंच धरल्या आणि वर ६:१२ उताराचे, म्हणजे १२ फुटांना ६ फूट चढणारे, साधे दुपाखी छप्पर घेतले, तर आढे १५ फुटांवर येते. त्याच भिंतींवर अर्धवर्तुळात बसणारे गॅम्ब्रेल छप्पर घेतले, तर आढे २१ फुटांवर जाते. या ६ जादा फुटांच्या बदल्यात माळ्यावर सुमारे १७ फूट रुंदीचा, कडेलाही साडेआठ फूट उंची असलेला पट्टा मिळतो. ती जवळजवळ एक पूर्ण खोलीच असते.

अडचण अशी, की घराव्यतिरिक्तच्या इमारतींसाठी अनेक गावांनी उंचीची मर्यादा घातलेली असते आणि ती मुख्य घरापेक्षा बरीच कमी असते. शिवाय उंची मोजण्याची रीत सर्वत्र एक नाही. कुठे ती आढ्यापर्यंत मोजतात, तर कुठे वळचण आणि आढे यांच्या मधल्या बिंदूपर्यंत. एकच आराखडा एका गावात बसतो आणि शेजारच्या गावात नाकारला जातो. त्यामुळे आराखड्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी गावाच्या झोनिंग कार्यालयात दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते: मर्यादा किती, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजतात.

कागदांची क्रमवारी

परवानगी म्हणजे एकच कागद, हा समज महागात पडतो. पहिला टप्पा झोनिंगचा. इमारत हद्दीपासून किती अंतरावर हवी आणि प्लॉटचा किती भाग झाकता येईल, हे तिथे ठरते. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. खरी हद्द मोजणीच्या नकाशावरच दिसते. त्याच नकाशावर वीज, पाणी किंवा सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेले पट्टेही दाखवलेले असतात आणि त्यांवर बांधकाम करता येत नाही. घराला सेप्टिक टाकी असेल तर तिच्या शोषक्षेत्रावर इमारत तर नकोच, गाडीचा रस्ताही नको.

दुसरा टप्पा बांधकाम परवान्याचा. बहुतेक राज्यांचे नियम इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या आदर्श संहितेवर बेतलेले आहेत. ही संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जाते, मात्र प्रत्येक राज्य आपापल्या सोयीची आवृत्ती आपापल्या दुरुस्त्यांसह स्वीकारते. संहितेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली सुट्या इमारतीला परवान्यातून सूट आहे. पण ५७६ चौरस फुटांच्या गॅरेजला तिचा काही उपयोग नाही. भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आत आली, तर ती एक तास आगीला तोंड देईल अशी बांधावी लागते. बांधकाम घराला ३ फुटांपेक्षा जवळ आल्यास त्या बाजूच्या भिंतीला आतून जिप्सम बोर्ड लावणे भाग पडते.

तिसरा टप्पा वसाहतीच्या संघाचा, म्हणजे एचओएचा. गावाने दिलेली परवानगी संघाला बांधून ठेवत नाही आणि संघाची संमती गावाच्या परवान्याची जागा घेत नाही. दोन्ही लागतात. कोठाराचा घाट, पत्र्याचे छप्पर किंवा लाल रंग संघाच्या नियमांत बसतो का, हे आधीच लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

जमिनीखालचे काम

थंड प्रदेशात जमिनीतील पाणी गोठते, फुगते आणि वरची इमारत उचलते. म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. ही रेषा मॅसॅच्युसेट्समध्ये ४८ इंचांवर, मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंचांवर, तर त्याच राज्याच्या उत्तर भागात ६० इंचांवर धरली जाते. आदर्श संहितेत एक उपयुक्त सवलत आहे: ६०० चौरस फुटांपर्यंतच्या, हलक्या लाकडी सांगाड्याच्या, १० फुटांपर्यंत वळचणीच्या सुट्या इमारतीला गोठणरेषेपर्यंत पाया नेण्याची सक्ती नाही. २४ बाय २४ चे गॅरेज या सवलतीत बसते. लांबी ३० फूट केली की क्षेत्रफळ ७२० होते आणि सवलत जाते. सहा फुटांच्या मोहापायी खोदकामाचा सारा हिशेब बदलतो. स्थानिक अधिकाऱ्याने ही सवलत मान्य केली आहे का, याची खात्री मात्र करून घ्यावी लागते.

खोदकामापूर्वी काही दिवस ८११ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवणे बंधनकारक आहे. सेवा मोफत असते. माणसे येऊन जमिनीवर रंगीत खुणा करून जातात: विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळी, पिण्याच्या पाण्यासाठी निळी, मैलापाण्यासाठी हिरवी आणि दूरसंचारासाठी नारिंगी. मीटरच्या पुढच्या खासगी वाहिन्या, उदाहरणार्थ बागेतल्या फवाऱ्यांच्या नळ्या, सहसा या खुणांमध्ये येत नाहीत. त्या घरमालकालाच शोधाव्या लागतात.

४ इंच जाडीच्या फरशीला सुमारे ७.१ घनयार्ड काँक्रीट लागते. कडेच्या जाड पायाचे त्याहून वेगळे. फरशीला मोठ्या दाराकडे उतार हवा, म्हणजे वितळलेला बर्फ आणि सांडलेले इंधन बाहेर वाहून जाते. कडक हिवाळ्याच्या भागात ३५०० पीएसआय ताकदीचे, सूक्ष्म हवेचे बुडबुडे मिसळलेले काँक्रीट मागवावे लागते. काँक्रीटला टेकणारे लाकूड प्रक्रिया केलेलेच हवे.

माळा किती पेलणार

संहितेनुसार मर्यादित साठवणीच्या माळ्यासाठी दर चौरस फुटाला २० पौंड भार धरतात. कायमचा जिना बसवला की तोच आकडा ३० होतो. बसण्याउठण्याच्या खोल्यांसाठी तो ४० असतो. म्हणजे घडीच्या शिडीऐवजी पक्का जिना करावा, हा वरवर किरकोळ वाटणारा बदल तुळयांचे माप बदलून टाकतो. २४ फुटांचा अखंड गाळा साध्या कापीव लाकडाला बहुधा झेपत नाही. मध्ये खांबावर टेकलेली मोठी तुळई द्यावी लागते किंवा कारखान्यात तयार झालेल्या कैच्या घ्याव्या लागतात. खांब नको असतील तर कैच्या बऱ्या. त्यांसोबत अभियंत्याची सही असलेली गणिते मिळतात आणि परवान्याचे काम सोपे होते.

गॅम्ब्रेल छपराचा नाजूक भाग म्हणजे पाख्याचा मोड. तिथला सांधा प्लायवूडच्या पट्ट्यांनी किंवा खालून आधार देणाऱ्या ठेंगण्या भिंतीने घट्ट केला नाही, तर बर्फाच्या भाराने छप्पर वाकते आणि भिंतींना बाहेर ढकलते. उभ्या पाख्यावरून बर्फ घसरून भिंतीलगत पडतो, म्हणून गाड्यांची दारे वळचणीखाली न ठेवता आढ्याच्या टोकाकडील भिंतीत ठेवणे सोयीचे. त्या २४ फुटी भिंतीत ९ फुटांची दोन दारे बसवली, तर उरलेल्या ६ फुटांचे तीन अरुंद तुकडे राहतात. वाऱ्याचा आडवा जोर त्यांनाच सोसायचा असल्याने त्यांची बांधणी आराखड्यात तपशीलवार दाखवावी लागते.

आई-वडिलांची खोली?

माळ्याबाबतचा सर्वांत गंभीर प्रश्न पुढे येतो तो भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या निमित्ताने. ‘वर एक खोली काढू’ हा विचार स्वाभाविक आहे, पण ज्या क्षणी तिथे कुणी झोपणार असे ठरते, त्या क्षणी ती इमारत गॅरेज उरत नाही. बाहेर पडता येईल अशी, किमान ५.७ चौरस फूट मोकळी उघडणारी खिडकी लागते. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी यंत्रे लागतात, खालच्या छताला आगरोधक जिप्सम बोर्ड लागतो, खोली तापवण्याची सोय लागते. पायरी पावणेआठ इंचांहून उंच चालत नाही. १० फूट चढायचे तर १६ उंच्या होतात आणि जिना साडेबारा फूट लांब होतो. तेवढी जागा खालच्या गाड्यांमधूनच काढावी लागते. त्यानंतरही सत्तरीतल्या गुडघ्यांना रात्री तो जिना उतरावा लागणार, हा मुद्दा कोणत्याही संहितेत सापडत नाही.

कॅलिफोर्नियात २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी परसातील दुय्यम निवासाला बरीच मोकळीक दिली आहे. इतर अनेक ठिकाणी ती नाही. परवान्यात ‘साठवण’ लिहून प्रत्यक्षात बिछाना घालणे हा मधला मार्ग नव्हे. आग लागली तर प्राण धोक्यात येतात, विम्याचा दावा अडचणीत येतो आणि घर विकताना तपासनीस नेमके तिथेच बोट ठेवतो.

वीज, विमा आणि स्वतःचे हात

४८ अँपिअरच्या वाहन चार्जरला ६० अँपिअरचे सर्किट लागते, कारण सतत चालणाऱ्या भारासाठी सव्वापट क्षमता धरतात. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये तेवढी शिल्लक आहे का, हे आधी तपासावे. सुट्या इमारतीत स्वतंत्र उपपॅनेल आणि स्वतंत्र अर्थिंग करावे लागते. पीव्हीसी नळीतून नेलेली तार साधारणपणे १८ इंच, तर थेट पुरलेली केबल २४ इंच खोल असावी लागते. आज चार्जर नको असला तरी चर उघडा असतानाच मोठी नळी टाकून ठेवणे स्वस्त पडते.

घराच्या विम्यात सुट्या इमारतींसाठी सहसा घराच्या रकमेच्या १० टक्के संरक्षण असते. नव्या गॅरेजला ते पुरेल का, हे विमा कंपनीला विचारावे. मालमत्ता कर वाढणार, हेही गृहीत धरावे.

अनेक राज्यांत घरमालक स्वतःच्या नावाने परवाना काढून स्वतः बांधकाम करू शकतो. सांगाडा, बाहेरचे फळकाम, रंगकाम ही कामे चिकाटीच्या माणसाला जमतात. काँक्रीट ओतणे मात्र घड्याळाशी बांधलेले असते आणि दाराची ताणलेली स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते. ही कामे आणि वीजजोडणी जाणकारांकडे सोपवावी. पाया, सांगाडा, वायरिंग यांची तपासणी ते झाकले जाण्यापूर्वी व्हावी लागते. घाईने बोर्ड ठोकले तर ते पुन्हा उचकटावे लागतात.

उत्तरेकडील राज्यांत जमीन गोठलेली असते तेव्हा कागदांचे काम उरकावे आणि वसंतात खोदकामाला लागावे, हे वेळापत्रक सोयीचे. अंतिम तपासणीनंतर मिळणारा कागद घराच्या खरेदीखताशेजारी ठेवून द्यावा. पुढे घर विकायला काढल्यावर, परसातली ती इमारत नेमकी काय म्हणून बांधली गेली, याचे उत्तर त्यावरच लिहिलेले असेल.