प्रतिमेचे मोजमाप आणि परवान्याचा प्रश्न

पिंपळाचे पान आलेख कागदावर ठेवून त्याची कडा पेन्सिलीने आखायची, आतले पूर्ण चौकोन मोजायचे, अर्ध्याहून अधिक भरलेला चौकोन पूर्ण धरायचा आणि त्याहून कमी भरलेला सोडून द्यायचा, हा प्रयोग आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी शाळेत केलेला असेल. पानाचे क्षेत्रफळ काढण्याची ती जुनी व खात्रीची रीत आहे. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आज ज्याला प्रतिमा-विश्लेषण म्हणतात, त्याचा गाभा याहून फारसा निराळा नाही. चौकोन अतिशय लहान असतात, लाखोंच्या संख्येने असतात, आणि ते संगणक मोजतो, इतकेच.

हा विषय स्मरणिकेसाठी घेण्यास कारण आहे. आपल्या वसतिगृहातून विज्ञान शाखेकडे गेलेली मुले-मुली सुट्टीत टिटवाळ्याला येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून एक अडचण पुनःपुन्हा आमच्या कानी येते. सूक्ष्मदर्शीला कॅमेरा जोडलेला असतो, छायाचित्रे उत्तम निघतात. परंतु ती मोजण्याचे सॉफ्टवेअर विभागातील एकाच संगणकावर असते आणि त्याचा परवाना दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागतो. एका माजी विद्यार्थिनीच्या एम.एस्सी. प्रकल्पाच्या ऐन मध्यावर ही मुदत संपली. पुढील रक्कम मंजूर होईपर्यंत तिची स्वतःची छायाचित्रे तिला उघडता येईनात, कारण ती त्या कंपनीच्या खास फाइल-स्वरूपात साठवलेली होती. अशा वेळी कोणीतरी सहाध्यायी पेन ड्राइव्ह पुढे करतो. त्यात त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत असते. ‘सगळेच वापरतात’ हे त्यासोबतचे समर्थनही तयार असते.

येथे आपल्या मुलांपुढे खरा पेच उभा राहतो. रोजच्या वंदनेत पंचशील ग्रहण करणाऱ्या मुलाला दुसरे शील, म्हणजे न दिलेले न घेणे, वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु पदवी अडली असताना ते पाळणे आणि सभागृहात ते म्हणणे यांत अंतर आहे. त्याला नुसता उपदेश करून आमचे भागत नाही. उघडपणे दिलेले, आणि कामाला पुरे पडणारे साधन कोठे आहे, हे सांगणे आमचे काम आहे. सुदैवाने ते आहे, आणि तीसहून अधिक वर्षे आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅस्बँड या प्रोग्रामरने 1987 साली मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. 1997 मध्ये त्याने तोच विचार जावा भाषेत नव्याने मांडला आणि ‘इमेजजे’ जन्मास आले. त्यामुळे ते विंडोज, मॅक, लिनक्स अशा कोणत्याही संगणकावर चालू लागले. शासकीय संस्थेत तयार झालेले हे काम सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले करण्यात आले. ते कोणीही घ्यावे, आतली रचना वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. पुढे जीवशास्त्रज्ञांनी त्यात उपयुक्त जोडण्या घालून ‘फिजी’ नावाची भरलेली शिदोरी तयार केली. तिच्यातील ‘बायो-फॉरमॅट्स’ ही जोडणी निरनिराळ्या कंपन्यांच्या सूक्ष्मदर्शींची शंभराहून अधिक फाइल-स्वरूपे वाचते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीची अडलेली छायाचित्रे अखेर तिच्यातूनच उघडली. पेशी मोजण्यासाठी ‘सेलप्रोफायलर’ व विकृतिशास्त्राच्या काचपट्ट्यांसाठी ‘क्यूपाथ’ हीदेखील अशीच विनामूल्य साधने आहेत. परंतु नवशिक्याने इमेजजेपासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे.

आता ते काम कसे करते ते पाहू. करड्या छायाचित्रातील प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, एक अंक असतो: 0 म्हणजे काळे, 255 म्हणजे पांढरे. पांढऱ्या कागदावरील पानाच्या छायाचित्रात पानाचे अंक लहान व कागदाचे मोठे असतात. मध्ये एक उंबरठा ठरवायचा, समजा 140. त्याखालचे सारे पिक्सेल पानाचे, वरचे कागदाचे. हा उंबरठा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवण्याऐवजी गणिताने शोधण्याची एक प्रसिद्ध रीत जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी 1979 मध्ये मांडली. इमेजजेमध्ये ती एका कळीवर उपलब्ध आहे.

पिक्सेल किती मोठा, हे मात्र यंत्राला आपणच सांगावे लागते. पानाशेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतले की काम भागते. सूक्ष्मदर्शीखाली पट्टीऐवजी एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेली काचपट्टी वापरतात. तिचा प्रत्येक भाग 10 मायक्रोमीटरचा असतो. असे दहा भाग मिळून पडद्यावर 400 पिक्सेल व्यापत असतील, तर चार पिक्सेल म्हणजे एक मायक्रोमीटर झाला. मग 28 पिक्सेल रुंद दिसणारी रक्तातील तांबडी पेशी 7 मायक्रोमीटरची ठरते. ही मापपट्टी न ठेवता काढलेली शेकडो सुंदर छायाचित्रे मोजमापाच्या दृष्टीने निरुपयोगी असतात, हे पालकांनीही लक्षात घ्यावे. कारण त्यांवर मुलांचे महिने खर्ची पडलेले असतात.

एकमेकींना चिकटलेल्या पेशी वेगळ्या मोजण्याच्या रीतीला तर आपल्या महाराष्ट्रात ओळखीचेच नाव आहे: पाणलोट. चित्राला डोंगरदऱ्यांचा प्रदेश मानायचे, प्रत्येक खोलगट भागात पाणी भरू द्यायचे, आणि दोन बाजूंचे पाणी जेथे मिळू पाहते तेथे बांध घालायचा. तो बांध म्हणजेच दोन पेशींमधील सीमा. गावात पाणलोटाची कामे पाहिलेल्या मुलाला ही कल्पना शहरी मुलापेक्षा लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे.

या सोयींबरोबर धोकाही येतो. हवे ते उत्तर येईपर्यंत उंबरठा सरकवत राहण्याचा मोह फार मोठा असतो. म्हणून एका प्रयोगातील सर्व छायाचित्रांना एकच रीत लावावी. प्रकाशाची तीव्रता मोजायची असेल तर चित्र जेपेग स्वरूपात साठवू नये, कारण आकार लहान करताना त्यातील अंक बदलतात. टिफ स्वरूप वापरावे. इमेजजेमधील ‘रेकॉर्डर’ आपण केलेली प्रत्येक कृती ओळीने लिहून ठेवतो. ती नोंद परीक्षकाला दिली की त्याच चित्रांवर तीच कृती करून तो उत्तर पडताळू शकतो. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, हे धम्माचे वर्णन आपण रोज म्हणतो. ज्या सॉफ्टवेअरची आतली रचना झाकलेली आहे, त्याच्या उत्तरापुढे विद्यार्थ्याला नुसता विश्वास ठेवावा लागतो. किमतीइतकाच हा फरकही आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

अशी कामे दूरदेशीच होतात असे नाही. टिटवाळ्याहून मुरबाडमार्गे माळशेज घाट ओलांडला की जुन्नर तालुका लागतो. तेथे नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सर्वेक्षणातील प्रतिमा जगभर खुल्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्रातील डॉ. आनंद होता यांनी 2013 मध्ये ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी घरच्या संगणकावर रेडिओ व दृश्य प्रकाशाच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून वेगळ्या दिसणाऱ्या आकाशगंगा हुडकतात. त्यांतूनच पुढे आलेली ‘रॅड12’ ही आकाशगंगा आपला झोत शेजारच्या आकाशगंगेवर सोडताना आढळली. त्यावरील शोधनिबंध 2022 मध्ये ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

पवईच्या आयआयटी मुंबईनेही या वाटेवर बरेच काम केले आहे. तेथील साधनसंपत्ती अभियांत्रिकी केंद्रात ‘ग्रॅम प्लस प्लस’ ही नकाशे व भू-माहिती हाताळणारी देशी प्रणाली तयार झाली. ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, तर ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे ध्वनिचित्र-धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे धडे परवान्याहून मोलाचे आहेत.

आणखी एक अभ्यास आपल्या दाराशीच करण्याजोगा आहे. आपली काळू नदी उल्हासला मिळते, आणि उल्हासच्या कल्याण परिसरातील पात्रावर जलपर्णी पसरते हे येथील सर्वांना ठाऊक आहे. ती किती पसरली, याचे उत्तर युरोपीय अवकाश संस्थेचे ‘सेंटिनेल-2’ उपग्रह देतात. त्यांतील पहिला 2015 मध्ये सोडला गेला. आकाश निरभ्र असेल तर दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा, तीही विनामूल्य, मिळू शकते. हिरवी पाने अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात आणि पाणी तो शोषून घेते. त्यामुळे त्या प्रतिमेत पाणी काळे व जलपर्णी उजळ दिसते. एक पिक्सेल 10 मीटर गुणिले 10 मीटर, म्हणजे 100 चौरस मीटरचा. उजळ पिक्सेल 2,500 भरले, तर जलपर्णी 25 हेक्टर झाली. काठावरचा चौकोन अर्धा पाणी, अर्धी जमीन असतो. तेथे आलेख कागदावरचा जुना नियम पुन्हा आठवावा लागतो. पावसाळ्यात ढगांमुळे हे जमत नाही. डिसेंबर ते मे या महिन्यांच्या प्रतिमा घेऊन पदवीच्या विद्यार्थ्याचा उत्तम प्रकल्प होईल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. इमेजजेला जोडण्यासाठी जॉन हार्मन यांनी तयार केलेले ‘डीस्ट्रेच’ नावाचे साधन पुसट रंगांतील सूक्ष्म भेद ताणून डोळ्यांना दिसतील असे करते. जगभरातील शैलचित्रांच्या अभ्यासात ते वापरले जाते. कान्हेरीच्या 34 क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धप्रतिमांचे अपूर्ण रंगकाम आहे. त्याच कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांचे उल्लेख आहेत. भिवंडी तालुक्यातील लोनाडचे लेणे तर आपल्याहून जवळच. कॅमेरा आणि चिकाटी असलेल्या मुलाला तेथे काम पुष्कळ आहे.

1946 साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले, ही बाबासाहेबांची दृष्टी होती. आजही आपली अनेक मुले दिवसा काम करून रात्रीच्या कसारा लोकलने घरी परततात. विभागातील एका संगणकाला बांधलेले सॉफ्टवेअर त्यांच्या उपयोगाचे नाही. घरच्या जुन्या संगणकावर चालणारे आहे. तरीही मोफत साधनाला मदतवाहिनी नसते, आणि शिकवणाऱ्याचा वेळ मोफत नसतो. माजी विद्यार्थी संघातील अनेक बांधव आम्हाला विचारतात, विज्ञानाच्या मुलांना काय द्यावे? परवान्यासाठी रक्कम नको. सूक्ष्मदर्शीवर बसणारा साधा कॅमेरा, मापनाची एक काचपट्टी, आणि ज्यांना हे काम येते त्यांनी महिन्यातील एक रविवार वसतिगृहात द्यावा.